संस्थानी मोटार आणि तिचा जीर्णोद्धार : भंडाऱ्याहून पाहता

१. विषयाचे प्रयोजन

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि दप्तरे ह्यांचीच गणना करण्यास आपण सरावलो आहोत. यंत्रांना ह्या यादीत क्वचितच स्थान मिळते. आणि ते यंत्र मोटारीसारखे असेल, तर तो हौसेचा किंवा श्रीमंतीच्या गप्पांचा विषय मानून अभ्यासक त्याच्याकडे पाठ फिरवितात. प्रस्तुत लेखात ही समजूत तपासून पाहावयाची आहे. मराठी राजघराण्यांशी संबंध आलेल्या तीन मोटारींच्या आधारे येथे असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, जुनी मोटार ही थराथरांनी घडलेली वस्तू असून तिचा जीर्णोद्धार हे उत्खननाइतकेच जबाबदारीचे काम आहे. त्यात हयगय झाली तर मोटार झळकते, पण तिच्यातील साक्ष कायमची पुसली जाते.

भंडारा जिल्ह्याचा ह्या विषयाशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. १८५३ साली तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर नागपूरचे राज्य खालसा झाले आणि हा मुलूख सरळ इंग्रजी अमलाखाली आला. येथे गादी उरली नाही. मग राजमोटार कोठून येणार? परंतु मोटारीचा इतिहास केवळ मालकाचा इतिहास नव्हे. ती ज्या धातूंची बनली आणि ज्या प्रकारच्या हातांनी घडली, त्यांचाही तो इतिहास आहे. ह्या दृष्टीने पाहता भंडाऱ्याचे पितळ, तुमसर भागातील मँगनीज आणि पवनीचे उत्खनन ह्या तिन्ही गोष्टी प्रस्तुत विषयाला उपकारक ठरतात. त्यांचा विचार पुढे यथास्थळी केला आहे.

२. एका शब्दाचा घोळ

जुन्या मोटारींस सरसकट ‘व्हिंटेज’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. हा शब्द मूळचा द्राक्षमद्याच्या व्यवहारातील. अमुक वर्षाच्या हंगामाचे मद्य, असा त्याचा अर्थ. इंग्लंडमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लबने १९१९ ते १९३० ह्या काळात बनलेल्या मोटारींपुरता तो रूढ केला. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या मोटारींना तेथे ‘एडवर्डियन’ म्हणतात, आणि त्याहीपूर्वीच्या मोटारींना ‘व्हेटरन’. आपल्याकडे मात्र हे भेद कोणी पाळीत नाही.

भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनी ह्या शब्दास तिसराच अर्थ दिला आहे. प्रथम नोंदणीच्या तारखेपासून ५० वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनास ह्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. त्याच्या क्रमांकात ‘व्ही. ए.’ ही अक्षरे येतात व नोंदणी १० वर्षे टिकते. असे वाहन रोजच्या किंवा धंद्याच्या कामासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, जुन्या मोटारींची फेरी, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यापुरतेच ते रस्त्यावर आणता येते. नोंदणीची मुख्य अट अशी की, वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्याचा सांगाडा, काया किंवा इंजिन ह्यांत भरीव फेरबदल झालेला नसावा. ‘मूळ स्वरूप’ हे शब्द वाचावयास सोपे आहेत. ऐतिहासिक दृष्टीने ते किती अवघड आहेत हे पुढील उदाहरणांवरून दिसून येईल.

३. पूर्वेचा मोती

रोल्स-रॉईस कंपनीची ‘४०/५०’ ही मोटार १९०६ साली लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. सहा नळकांड्यांचे, सुमारे सात लिटर धारणेचे तिचे इंजिन होते. १९०७ साली रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या देखरेखीखाली ह्या जातीच्या एका मोटारीने १५,००० मैलांची चाचणी पार पाडली. त्या मोटारीचा रंग चंदेरी व चाल अत्यंत निःशब्द असल्याने तिला ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव पडले, आणि पुढे ते सबंध जातीसच लागले. १९२६ पर्यंत इंग्लंड व अमेरिका मिळून अशा ७,८७४ मोटारी तयार झाल्या.

ह्याच जातीची एक मोटार नॉरबरी नावाच्या इंग्रज गृहस्थाने मुंबईस आणली. तिचे नाव ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे पूर्वेचा मोती. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची विश्वसनीयता-चाचणी झाली, तीत तिने भाग घेतला. एकूण अंतर सुमारे ६२० मैलांचे होते आणि वाटेत सह्याद्रीचे घाट होते. त्या काळचा घाटरस्ता म्हणजे खडी-मुरुमाचा, बैलगाड्यांच्या वर्दळीचा आणि तीव्र वळणांचा. खंडाळा, कात्रज, खंबाटकी ही नावे आज प्रवाशास सहज वाटतात. परंतु विजेने इंजिन सुरू करण्याची सोय प्रथम १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीने आणली. तिच्यापूर्वी प्रत्येक वेळी हाताने दांडा फिरवूनच मोटार चालू करावी लागे. रात्रीच्या उजेडासाठी कार्बाइडवर पाणी ठिबकवून वायू निर्माण करावा लागे आणि चढावर पाणी उकळू लागले की थांबून ते निवू द्यावे लागे. अशा परिस्थितीत ह्या मोटारीने केलेली कामगिरी पाहून ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती विकत घेतली.

ह्या घटनेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, पुढे राजवैभवाचे प्रतीक ठरलेल्या मोटारीची ह्या देशातील कीर्ती मराठी मुलखातील घाटांवर कमावली गेली होती. शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत कोल्हापुरास आगगाडी १८९१ सालीच आली होती; तरीही रस्त्याने घाट चढून कोल्हापूर गाठणे ही यंत्राच्या कसाची परीक्षा मानली गेली. दुसरी गोष्ट अशी की, खरेदीचा निर्णय केवळ डामडौलाकडे पाहून झाला नव्हता. माधवराव हे यंत्रांची आवड असलेले राज्यकर्ते होते. मोटार ही त्यांच्या लेखी टिकाऊपणाची परीक्षा उतरलेली वस्तू होती.

४. होळकरांची ड्यूसेनबर्ग

दुसरे उदाहरण इंदूरचे. यशवंतराव होळकर (दुसरे) हे १९२६ साली गादीवर आले व १९३० मध्ये त्यांस पूर्ण अधिकार मिळाले. जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस ह्याच्याकडून त्यांनी माणिकबाग हा राजवाडा अगदी नव्या धर्तीवर सजविला. मोटारींविषयीही त्यांची अभिरुची तशीच आधुनिक होती. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्यांच्यासाठी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीचा ‘एस-जे’ जातीचा सांगाडा लंडनला पाठविण्यात आला आणि तेथील गर्नी नटिंग ह्या कायाकारांनी त्यावर दोन आसनांची, नारिंगी व काळ्या रंगांची काया बांधली. ह्या मोटारीचे आठ नळकांड्यांचे, सुमारे ६.९ लिटर धारणेचे इंजिन ३२० अश्वशक्तीचे असल्याचे कंपनी सांगे. ‘जे’ मालिकेच्या एकंदर सुमारे ४८० मोटारी बनल्या. त्यांपैकी होळकरांची मोटार आज जाणकारांत अत्यंत प्रसिद्ध आहे. मात्र ती इंदुरात नाही. ती अमेरिकेतील संग्राहकांच्या हाती गेली आणि तिचा जीर्णोद्धारही तेथेच झाला.

असे का घडले? १९४८ नंतर संस्थाने विलीन झाली आणि १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले. दर मैलास भरमसाट पेट्रोल पिणाऱ्या आणि ज्यांचे सुटे भाग परदेशातून मागवावे लागत अशा मोटारी बाळगणे अनेक घराण्यांस अशक्य झाले. त्या विकल्या गेल्या, गंजल्या किंवा तुकड्या-तुकड्यांनी मोडीत गेल्या. लोकशाही राज्यात ह्याबद्दल फार हळहळण्याचे कारण नाही, असे कोणी म्हणेल. आणि त्यात तथ्यही आहे. ह्या मोटारींची किंमत अखेर प्रजेच्या महसुलातून आली होती. परंतु म्हणूनच त्यांची नोंद राहणे आवश्यक आहे. ताजमहालाचा खर्चही प्रजेनेच सोसला. तेवढ्यावरून इमारतीचा अभ्यास कोणी सोडीत नाही.

५. कोल्हापूरची मेबॅक

तिसरी मोटार कोल्हापूरच्या छत्रपतींची. जर्मनीतील फ्रीड्रिक्सहाफेन येथील मेबॅक कंपनी प्रथम झेपेलिन विमानांची इंजिने बनवीत असे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने (१९१९) जर्मनीवर विमानांच्या इंजिनांबाबत बंधने आली, तेव्हा ती मोटारींकडे वळली. १९२१ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत तिने सुमारे १,८०० मोटारी तयार केल्या. त्यांपैकी राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतील (१९२२-१९४०) एक मोटार आजही कोल्हापुरात आहे. दर वर्षी विजयादशमीस छत्रपती तीत बसून दसरा चौकात सीमोल्लंघनासाठी येतात. शमीपूजन होते आणि लोक सोने लुटतात.

येथे मोटारीचे स्थान संग्रहालयातील वस्तूहून निराळे आहे. पूर्वी जे काम हत्ती-अंबारीने केले, ते ह्या सोहळ्यात यंत्राने स्वीकारले आहे. राज्य गेले, अधिकार गेला. उत्सव मात्र लोकांनी आपला मानला आणि त्याबरोबर मोटारही. वर्षातून एकदा का होईना, तिला रस्त्यावर यावेच लागते. त्यामुळे तिची देखभाल अखंड राहते. उभी राहिलेली मोटार चालत्या मोटारीपेक्षा लवकर मरते, हे कोणताही मिस्त्री सांगेल : तेल तळास बसते, रबर तडकते, टाकीस आतून गंज चढतो. म्हणजेच परंपरेने चालविलेले वाहन हे संरक्षणाचा एक उत्तम प्रकार ठरते.

६. आकर्षणाचे मूळ

ह्या तिन्ही मोटारींत समान धागा कोणता? त्या महाग होत्या एवढे म्हणून भागत नाही. पुष्कळ महाग वस्तू विस्मृतीत गेल्या आहेत. खरे कारण त्यांच्या निर्मितीच्या पद्धतीत सापडते. त्या काळी उंची मोटारींचे कारखाने बहुधा केवळ सांगाडा, इंजिन व चाके पुरवीत. काया वेगळ्या कारागिरांकडून बांधून घ्यावी लागे. अ‍ॅश लाकडाची चौकट, तीवर हाताने ठोकून वळविलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, एकावर एक दिलेले रंगाचे अनेक हात आणि आत कातड्याची बैठक, अशी ती रचना असे. परिणामी एकाच जातीच्या दोन मोटारीही एकसारख्या नसत. मोटारीत तिच्या मालकाची इच्छा, कारागिराचा हात आणि वापराचा प्रदेश ह्या तिहींची मुद्रा उमटे.

दुसरे कारण राजकीय आहे. सार्वभौम सत्ता इंग्रजांकडे गेल्यावर संस्थानिकांस सैन्य वाढविण्याची किंवा परस्पर तह करण्याची मुभा उरली नव्हती. तोफांच्या सलामीची संख्यादेखील दुसऱ्याने ठरविलेली. जेथे स्वतःच्या निवडीस वाव होता अशी जी थोडी क्षेत्रे उरली, त्यांपैकी मोटार हे एक होते. म्हणून ह्या मोटारींचा थाट वाचताना त्यामागील संकोच झालेली सत्ताही वाचावी लागते.

७. ‘मूळ’ म्हणजे काय?

आता जीर्णोद्धाराच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. हाताने बांधलेली काया बदलताही येत असे. दहा वर्षांनी जुनी काया उतरवून त्याच सांगाड्यावर नव्या पद्धतीची काया चढविणे ही त्या काळी सर्वसामान्य गोष्ट होती. दरबारी मोटारीची शिकारी मोटार होई आणि क्वचित मालवाहू गाडीही. मग जीर्णोद्धार करताना मूळ कोणते धरावयाचे? कारखान्यातून निघाली ते, की ज्या रूपात ती सर्वाधिक काळ वापरात होती ते? २०२१ च्या नियमांतील अट सरळ अर्थाने लावली तर आपल्या आयुष्यात एकदा काया बदललेली, आणि म्हणूनच इतिहासदृष्ट्या अधिक बोलकी असलेली मोटार अडचणीत येऊ शकते. उलट जी आतून-बाहेरून नव्याने घडविली पण कारखान्याच्या चित्रासारखी दिसते, ती ‘मूळ’ म्हणून मिरवू शकते.

ह्याबाबत पुरातत्त्वाची शिस्त मार्गदर्शक ठरावी. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ह्यांनी शां. भा. देव व ज. प्र. जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले व बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आणले. त्या स्तूपांत बांधणीचे एकाहून अधिक टप्पे होते. उत्खनकांनी त्यांपैकी सर्वांत देखणा टप्पा निवडून बाकीचे खरवडून टाकले असते, तर आज आपल्या हाती काय राहिले असते? प्रत्येक थराची नोंद करून, मापे घेऊन, मगच खालच्या थरास हात लावावयाचा, हा तेथील नियम. जुन्या मोटारीच्या रंगाचेही असेच थर असतात. दाराच्या आतील कडेला रंगाचा छोटासा छेद घेतला तर खालून वर सर्व रंग क्रमाने दिसतात. सांगाड्यावरील व इंजिनावरील ठोकलेले क्रमांक, कायाकाराची लहानशी पाटी, दुरुस्तीत घातलेला देशी खिळा, ह्या सर्व गोष्टी साक्षीदार आहेत. वाळूच्या फवाऱ्याने सारे साफ करून चकचकीत रंग फासला की हे साक्षीदार एका दिवसात नष्ट होतात. प्राचीन मंदिरांच्या शिल्पांवर भक्तिभावाने तैलरंग चढविणाऱ्यांची आणि ह्या जीर्णोद्धारकांची चूक एकाच जातीची आहे.

आंतरराष्ट्रीय क्षेत्रात हा विचार आता रुजला आहे. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२-१३ मध्ये स्वीकारलेली तुरिन सनद ही स्मारकांविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेवर आधारलेली आहे. शक्य तितके राखावे, आवश्यक तेवढेच बदलावे, नवे घातलेले ओळखू यावे आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असे तिचे सार सांगता येईल.

८. पितळ, मँगनीज आणि हात

जीर्णोद्धाराची उत्तम तत्त्वे असूनही ती अमलात आणणारे हात लागतात. आणि येथेच भंडाऱ्याचा प्रश्न उभा राहतो.

साधारणतः १९१५ पर्यंतच्या मोटारींचा दर्शनी भाग पितळेचा असे. दिवे, भोंगा, पाणी थंड करणारी जाळी, तेलाच्या नळ्या हे सारे पितळी किंवा तांब्याचे. त्यानंतर निकेलचा मुलामा आला व १९३० च्या सुमारास क्रोमियमचा. पण आतील नळ्या आणि जाळ्या दीर्घ काळ पितळ-तांब्याच्याच राहिल्या. अशा भागांची दुरुस्ती म्हणजे पत्रा तापवून नरम करणे, ऐरणीवर मोगरीने वळविणे, सांधा झाळणे, डाख देणे आणि शेवटी झिलई करणे. ह्या क्रिया भंडाऱ्याच्या भांडी घडविणाऱ्यास कोणी शिकविण्याची गरज नाही. पितळी भांड्यांसाठी हे शहर दीर्घ काळ प्रसिद्ध आहे. इंजिनाच्या आसाखालील पांढऱ्या धातूचे धारवे (कथील, अँटिमनी व तांबे ह्यांचे मिश्रण) वितळवून ओतण्याचे आणि मग हाताने खरवडून बसविण्याचे कामही ओतकाम जाणणाऱ्याच्याच कक्षेत येते.

परंतु पोलाद व अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांनी ह्या धंद्याचे पाय ओढले आहेत. घडाई करणाऱ्या घरांतील पुढची पिढी दुसऱ्या कामांकडे वळते. ही केवळ भांड्यांची हानी नव्हे. ज्या देशात तांबट उरला नाही, तेथे जुन्या मोटारीचा मोडका दिवा दुरुस्त होत नाही. तो टाकून परदेशातून प्रतिकृती आणली जाते आणि मूळ भाग मोडीत जातो. कारागीर गेला की जीर्णोद्धाराची जागा अदलाबदल घेते, हे तत्त्व मोटारीप्रमाणेच लाकडी वाड्यांस आणि देवळांच्या कळसांसही लागू आहे.

धातूंचा दुसरा धागा खनिजाचा आहे. पोलादातील प्राणवायू व गंधकाचा दोष मँगनीजने दूर होतो, हे रॉबर्ट मुशेट ह्याने १८५६ साली दाखविले. आणि तेव्हापासून मोठ्या प्रमाणावरील पोलादनिर्मितीस मँगनीज अपरिहार्य झाले. १८९६ साली मध्यप्रांतात खनिजशोधासाठी एक सिंडिकेट स्थापन झाली. तिचीच पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी झाली. फर्मोर ह्या भूशास्त्रज्ञाने १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या बृहद्ग्रंथात ह्या प्रदेशातील साठ्यांचे तपशीलवार वर्णन आहे. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणी १९६२ पासून मँगनीज ओर इंडिया ह्या कंपनीकडे आहेत. ज्या वर्षांत पूर्वेचा मोती सह्याद्री चढत होता, त्याच वर्षांत मध्यप्रांताचे मँगनीज आगगाडीने बंदरांकडे आणि तेथून युरोपातील भट्ट्यांकडे जात होते. कच्चा माल कवडीमोल जाई आणि पक्का माल राजमूल्याने परत येई. वसाहतीच्या अर्थव्यवहाराचे हे चक्र मोटारीच्या सांगाड्यात साठलेले आहे, आणि संस्थानी मोटारीचे वर्णन करताना ह्या खाणींतील मजुरांचा उल्लेख होऊ नये हे उचित नाही.

९. समारोप

वरील विवेचनावरून तीन सूचना निघतात. पहिली : जीर्णोद्धारास घेतलेल्या प्रत्येक जुन्या मोटारीची कामाची वही असावी. कोणता भाग मूळचा, कोणता पूर्वी बदललेला, कोणता आता नव्याने घातला, आणि तो कोणत्या कारागिराने घडविला, हे तीत लिहिले जावे. दुसरी : नोंदणीच्या नियमांत ‘मूळ स्वरूप’ ह्या शब्दांची व्याख्या करताना मोटारीच्या आयुष्यात झालेल्या जुन्या, सप्रमाण फेरबदलांस इतिहासाचा भाग म्हणून मान्यता मिळावी. तिसरी आणि भंडाऱ्यापुरती सर्वांत निकडीची : येथील पितळकामाची हत्यारे, क्रिया आणि शब्दसंग्रह ह्यांची पद्धतशीर नोंद विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावी. ऐरणीच्या प्रत्येक प्रकारास, हातोडीच्या प्रत्येक घावास कारागिराच्या घरात नाव आहे. ते कोशांत सापडेलच असे नाही.

मोटारींची संख्या थोडी आहे व त्यांचे मालक बहुधा समर्थ आहेत; त्या कशाबशा टिकतील. त्या घडविणाऱ्या कौशल्यास मात्र राजवाडा नाही, तनखा नव्हता आणि नोंदणीचा क्रमांकही नाही. त्याची नोंद करावयाची झाल्यास ती आज काम करीत असलेल्या हातांकडूनच घ्यावी लागेल, आणि त्यासाठी भंडाऱ्याच्या कारखान्यांत जाऊन बसावे लागेल.